गळाची काठी निवडताना

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आसूड घेताना तुम्ही काय बघता? दुकानदार आठ-दहा आसूड पुढे टाकतो. आपण त्यातला एक उचलतो, दांडा मुठीत धरतो, वादी मोकळी सोडतो आणि हवेत एक झटका देऊन बघतो. दांड्याच्या मानाने वादी जड असली तर ती वळायच्या आधीच खाली पडते. वादी हलकी आणि दांडा ताठ असला तर ती नुसती फडफडते. दोन्हींचे जुळले म्हणजे मनगटाच्या एवढ्याशा हालचालीने टोकाला असा कडाका उठतो की चार दुकाने सोडून पलीकडचे बैलही कान टवकारतात. दांडा कितीही देखणा असला तरी वादी जोडून बघितल्याशिवाय जाणता माणूस पैसे काढत नाही.

गळाची काठी घेताना नेमके हेच बघायचे असते, आणि नेमके हेच राहून जाते. काठी हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: "हिच्यावर केवढा मासा निघंल?" वाचकहो, मी या वयापर्यंत नदीकाठी जे काही पाहिले त्यावरून सांगतो, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे की दोरी किती जाडीची लावणार, पाणी कसले आहे आणि वारा कुठून येतो. या तिघांनी काठी ठरते. मासा ती मागाहून पसंत करतो.

आपल्या नेवासा तालुक्यात पाणी दोन तऱ्हेचे आहे. एक प्रवरेचे. रतनगडाकडून निघालेली ही नदी भंडारदऱ्याच्या धरणातून सुटते, अकोले, संगमनेर करीत आपल्याकडे येते, तोवर तिचा जोर ओसरलेला असतो. बंधाऱ्यांच्या मागे लांबट डोह, काठाला वेडी बाभूळ, मागे ऊस. पाणी शांत, जागा अडचणीची. दुसरे पाणी संगमाचे. टोके आणि प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीला मिळते, पण १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाल्यापासून धरण भरले की तिथे नदी उरत नाही, नाथसागराचा फुगवटा असतो. पुलावर उभे राहिले की पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि वारा टोपी उडवतो. या दोन पाण्यांत अंतर अवघ्या काही मैलांचे, पण प्रवरेच्या डोहावर जी काठी सोन्यासारखी वाटते ती संगमावर निकामी ठरते. मासे दोन्हीकडे तेच आहेत.

आता आपली घरची काठी घेऊ. आपल्याकडे काठी म्हणजे बांबू, आणि दोरी शेंड्यालाच बांधलेली. रीळ नाही, चरखी नाही. मासा ओढू लागला की सोडायला जादा दोरी नाही, म्हणून जो काही लवचिकपणा द्यायचा तो काठीनेच द्यायचा. हे ध्यानात घेतले की बांबू कसा निवडावा ते आपोआप कळते. पोकळ बांबू हलका लागतो पण एकाच पेऱ्यावर ताण आला की फुटतो. गळाला भरीव मानवेल उत्तम. बुडाशी अंगठ्याएवढा, शेंड्याशी करंगळीहून बारीक, पेरी जवळजवळ, तीन-चार वर्षांचा, आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला. कोवळ्या बांबूत पिठूळ गोडवा फार, म्हणून त्याला भुंगा लागतो. जुनी माणसे बांबू तोडून पंधरा-वीस दिवस वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवीत, मग सावलीत वाळवीत. वाक असेल तो चुलीच्या आरावर शेकून काढीत आणि वरून तेल चोळीत. बुरुडाकडे सांगून ठेवले तर तो अजूनही असा बांबू बाजूला काढून ठेवतो. त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

या मानवेलाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून मासेमारीच्या नाजूक काठ्या बनवू लागले. त्यासाठी बांबू जात असे तो हिंदुस्थानातून, आणि त्याला तिकडे नावच पडले होते 'कलकत्ता'. तो या मानवेलाच्याच जातीचा. पुढे चीनमधला टोंकिन बांबू त्यांना अधिक पसंत पडला आणि कलकत्त्याचा मागे पडला. म्हणजे साहेबाच्या दिवाणखान्यातली ती चकचकीत काठी आणि आपल्या ओसरीवरच्या वाशात खोचलेली काठी ही एकाच घराण्यातली.

काठी आणि दोरी यांचा मेळ कसा बघावा? शेंड्याला तंगूस बांधा, खाली किलोभराचे वजन लावा आणि सावकाश उचला. काठी शेंड्यापासून मध्यापर्यंत धनुष्यासारखी वाकली तर ती बारीक तंगुसाची काठी. नुसता शेंडा लवला आणि बाकी खांबासारखी राहिली तर ती जाड तंगुसाची. तंगुसाच्या रिळावर जाडी आणि ताण लिहिलेला असतो. ०.२० मिलिमीटरचा साधारण दोन-तीन किलो धरतो, ०.३० चा पाच-सहा, ०.४० चा नऊ-दहाच्या आसपास. गाठीत त्यातले काही जाते, उन्हात वर्षभर पडून राहिलेल्या तंगुसात आणखी जाते. गाठ आवळताना ती थुंकीने ओली करावी, कोरडी आवळली तर तंगूस घासून भाजतो.

इथे एक शंका येईल. मासा दीड किलोचा आणि दोरी तीन किलोची, मग ती तुटते कशी? मासा पाण्यात असेपर्यंत त्याचे वजन जवळजवळ नसतेच. तोडतो तो त्याचा झटका. बैलगाडीचा दोर सावकाश ओढला तर सारी गाडी ओढतो आणि हिसका बसला तर तटकन तुटतो, तसेच हे. हिसका गिळायचे काम काठीचे. ताठ बांबूला बारीक तंगूस लावला तर हिसका सगळा तंगुसावर येतो, आणि तुटलेला गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो. तेव्हा आधी काठीने वाकावे, अगदीच प्रसंग आला तर दोरीने तुटावे, आणि काठीने मात्र कधी मोडू नये, अशी ही उतरंड आहे.

चिलापीला हलकी, मऊ शेंड्याची काठी पुरते. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्या देशात आणला आणि आता तळी, धरणे, डबकी काही त्याने सोडलेली नाहीत. तोंड लहान, आमिष कुरतडतो. जड काठीला त्याचे कुरतडणे हाताला कळतच नाही. शिंगट्यालाही तीच काठी चालते, फक्त काढताना त्याच्या परांच्या काट्यांना जपावे; तो ठणका रात्रभर झोपू देत नाही. वांबीचे वेगळे. ती तळाशी, गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेनंतर लागते आणि लागली की दगडाच्या कपारीत शेपूट रोवते. तिथे मऊ काठी उपयोगाची नाही, कारण काठी वाकत राहते आणि वांब बसून राहते. मध्यम ताठ काठी, सरळ वर ताण, आणि धीर. मृगळ तळाचे चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या अंगाला. तिघेही गळ ओढत नाहीत, चोखतात. म्हणून तरंगा हलका हवा. मोरपिसाची दांडी किंवा ज्वारीच्या ताटातला भेंड यापेक्षा चांगला तरंगा बाजारात मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मरळीला मात्र सगळ्यांत ताठ काठी. ती शेवाळात, पाणवेलीत दबा धरून असते. लागल्यावर दोन हात जरी आत गेली तरी दोरी गुंडाळून बसते. तिला खेळवायचे नसते, पहिल्या दमात उघड्या पाण्यावर आणायचे असते. जाड तंगूस आणि खांबासारखी काठी हीच तिथे माशावरही दया आहे, नाहीतर शेवाळात अडकून गळासकट मरते. आणि पावसाळ्यात काठाजवळ लालसर-केशरी पिलांचा घोळका वर-खाली करताना दिसला तर तिथे कोणतीच काठी टाकू नका. त्या घोळक्याखाली मरळीचे जोडपे पहाऱ्यावर असते. जवळ आलेल्या कशावरही ते धाव घेते, म्हणून त्या दिवसांत ते गळाला झटकन लागते. जोडपे गेले की बाकीचे मासे तासाभरात पिले साफ करतात. एका माशासाठी शेकडो गमावण्याचा हा सौदा आहे.

आता त्या दुसऱ्या काठीकडे वळू. हल्ली परदेशातून येणारी मुले ती घेऊन येतात आणि गावात कोणाला तिचा आकडा उलगडत नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. दोन वर्षांमागे मेच्या सुट्टीत आला तेव्हा एका नळकांड्यातून त्याने चार तुकड्यांची काठी काढली. जोडल्यावर नऊ फूट झाली. हातात घेतली तर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, शेवग्याच्या शेंगेसारखी. बुडाशी आकडा लिहिलेला: ५. आमच्या शेजाऱ्याने विचारले, "पाच किलोचा मासा निघतो का?" दुसरा म्हणाला, काठीचेच वजन पाच तोळे असेल. भाचा हसून म्हणाला, "मामा, हा आकडा काठीचा नाही, दोरीचा आहे."

ही माशीच्या गळाची काठी. इंग्रजीत 'फ्लाय रॉड' म्हणतात. गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला किडा किंवा माशी असते. तिला वजन नाही. फुंकर मारली तर उडेल. आपल्या गळाला शिसे असते, ते फेकले की दोरी मागे जाते. इथे उलटे. दोरीच जाड आणि वजनदार असते, ती फेकायची आणि तिच्या टोकाला बांधलेली माशी मागोमाग जाते. म्हणजे हा थेट आसूडच. दांडा म्हणजे काठी, वादी म्हणजे दोरी. पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या असत आणि जाडीवरून त्यांना अक्षरे दिलेली असत. नायलॉन आणि प्लॅस्टिक आल्यावर एकाच जाडीच्या दोऱ्यांचे वजन वेगवेगळे भरू लागले, गोंधळ झाला, आणि १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेने ठरवले की दोरीचे पहिले ३० फूट तोलायचे आणि त्या वजनावरून आकडा द्यायचा. त्या आकड्याची दोरी जी काठी नीट फेकते, तिलाही तोच आकडा.

वजन ते ग्रेनमध्ये मोजतात. आपल्याला ग्रेन परका वाटतो, पण जुना सोनाराचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. आता हिशेब घरचा झाला. ३ नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट १०० ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडे जास्त. ५ नंबर १४० ग्रेन, पाऊण तोळ्याच्या किंचित वर. ७ नंबर १८५ ग्रेन, जवळजवळ एक तोळा. ८ नंबर २१०, सव्वा तोळ्याला थोडा कमी. १० नंबर २८०, दीड तोळा धरा. आणि समुद्रावरच्या १२ नंबरला ३८०, दोन तोळ्यांच्या वर. बायकांना हे पुरुषांच्या आधी कळेल, कारण पाऊण तोळ्याची पोत आणि दोन तोळ्यांची पोत यांतला फरक त्यांच्या हाताला माहीत असतो.

गळाचा आकडा मात्र उलटा चालतो, तिथे फसू नका. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान; १६ नंबरचा गळ तांदळाच्या दाण्याएवढा, ४ नंबरचा चांगला बोटाच्या पेऱ्याएवढा. सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होते, तसे.

भाचा ती काठी घेऊन पहिल्यांदा संगमावर आला. गळ न लावता नुसती दोरी फेकून बघायची होती. दुपारचे तीन वाजलेले, पश्चिमेचा वारा. दोरी मागे जाई ती सुंदर, डोक्यावरून वळसा घेई, आणि पुढे गेली की वारा तिला थांबवून त्याच्याच पायांशी आणून टाकी. जोर लावला तर अधिकच गुंता. पाण्यावर बसलेले भोई समाजातले एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, हलकं धान्य वाऱ्यावर उपणत्यात, पेरत न्हाईत." याहून नेमके कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही. वाऱ्याला भेदायला वजन लागते. पाऊण तोळ्याची दोरी तिथे पाखडल्यासारखी मागे येणार. भाच्याजवळ दुसरी काठी ८ नंबरची होती. ती जोडली तेव्हा दोरी वाऱ्याखालून, पाण्याला लगटून, बरीच पुढे गेली. मासा त्या जागी केवढा आहे याचा या फरकाशी काही संबंध नव्हता.

प्रवरेच्या डोहावर याच्या उलट. तिथे वारा लागत नाही पण मागे बाभूळ. आसूड फिरवायला मागे जेवढी जागा लागते तेवढी या दोरीलाही लागते, आणि बाभळीने एकदा दोरी धरली की काटे मोजत बसावे लागते. तिथे दोरी मागे न नेता पाण्यावरूनच कड्यासारखी पुढे लोळवायची एक पद्धत आहे. नांगराचा दोर अडकला की आपण त्याला एक लाट देऊन सोडवतो, ती हीच लाट. पाणी शांत असल्याने दोरी धपकन पडून चालत नाही, मासे पळतात. म्हणून तिथे ४-५ नंबरच बरा. ८ नंबरची दोरी शांत डोहात पडली म्हणजे म्हैस उतरल्यासारखे वाटते.

आता जी गोष्ट मला खरी सांगायची आहे तिच्याकडे येतो. आपला तालुका ज्ञानोबांचा. पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याला सातशे वर्षांवर काळ लोटला, पण कितीतरी घरांत गळ्यात माळ आहे आणि चुलीवर मासळी चढत नाही. आमचेही घर तसेच. भाच्याचे म्हणणे असे की तिकडे बरेच लोक मासा धरतात आणि सोडून देतात, मग माळकऱ्याने काठी धरायला हरकत काय? ऐकायला ते बरोबर वाटते. शेजाऱ्याच्या शेततळ्यात रोहू-कटला सोडलेले आहेत. त्याची परवानगी घेऊन भाचा ५ नंबर घेऊन गेला, पावाच्या तुकड्यासारखी पांढरी माशी लावली, आणि तीन किलोच्या आसपासचा रोहू लागला. हलकी काठी गोल वाकली. बारीक दोरी तुटू नये म्हणून तो माशाला ओढू शकेना, आणि मासा दमेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. पंचवीस मिनिटे चालले. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने हलक्या हाताने गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो कुशीवर कलंडला, भाच्याने सरळ केला, पुन्हा कलंडला, आणि मग खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उताणा तरंगत होता.

घरी आल्यावर माझी आई नातवाला एवढेच म्हणाली, "खाणाऱ्यानं मारला तर त्याच्या पोटात तरी जातो रे. ह्यो कुणाच्या पोटात गेला?" भाच्याने उत्तर दिले नाही. मलाही देता आले नसते.

यात दैव काही नव्हते. मासा जितका वेळ झुंजतो तितके त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, माणसाला धावून धावून पेटका येतो तसे, आणि ते निवळायला त्याला पाण्यातला प्राणवायू लागतो. मे महिन्यात शेततळ्याचे पाणी तापलेले असते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांनी पाहिले असेल, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. रात्रभर शेवाळाने आणि माशांनी प्राणवायू वापरलेला असतो आणि ऊन पडेपर्यंत नवा तयार होत नाही. अशा पाण्यात पंचवीस मिनिटे दमलेला मासा सोडला तर तो सोडल्यासारखा दिसतो, इतकेच. तोच रोहू ८ नंबरवर पाच-सात मिनिटांत काठाला आला असता.

म्हणून ज्याला मासा सोडायचा आहे त्याने काठी जड घ्यावी, हलकी नव्हे. हलक्या काठीवर मोठा मासा दमवण्यात जी फुशारकी आहे तिचा खर्च मासा भरतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो अलगद निघतो. हात ओले करून मासा धरावा, शक्यतो पाण्यातच. आणि एप्रिल-मेमध्ये शेततळ्यात, सोडायचाच असेल तर धरूच नये. हिवाळ्यात, ऊन चांगले वर आल्यावर, पाणी थंड असते आणि प्राणवायूही असतो. भाच्याला हे पटले असावे. पुढच्या हिवाळ्यात आला तेव्हा ५ नंबर घरीच ठेवून आला होता.

मग आकडा कोणता घ्यावा? चिलापी आणि ओढ्या-डोहातले लहान मासे यांना ३ ते ५ पुष्कळ. शेततळ्यात रोहू-कटला असतील तर ७. संगमाचा वारा, मरळीचे शेवाळ, यांना ८. एकच घ्यायची असेल तर आपल्या तालुक्यापुरते मी ८ च म्हणेन. चिलापीला ती जड होईल, पण चिलापीला आपला बांबू आहेच. ९ आणि १० नंबर महाशीराला, तोही मोठ्या वाहत्या नदीत. त्या माशाची आणि इथल्या इतर काही माशांची शास्त्रीय नावे ऐकलीत तर ओळखीची वाटतील. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची यादी १८३९ साली पुढे आणली, तेव्हा पुणे भागातल्या कोळ्या-भोयांनी सांगितलेली मराठी नावेच त्याने लॅटिनच्या शेपटाला जोडली: खुद्री, मसुळा, कोळस, नुकता. जगभरच्या पुस्तकांत ती आजही आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून या महाशीराची पैदास केली आणि पिले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. ज्याच्या वाट्याला तो लागेल त्याने १० नंबर घ्यावा आणि लवकर सोडून द्यावा.

काठी काचतंतूची घ्यावी की कार्बनची, हा प्रश्नही येतो. काचतंतूची जड, मऊ आणि स्वस्त. पोरांनी आपटली तरी टिकते. कार्बनची हलकी आणि कडक, पण दगडावर आपटली की आतून तडा जातो आणि पुढे कधीतरी ऐन वेळी मोडते. यापेक्षा मोठा फरक एक आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठाला जागोजाग मोटारी, त्यांच्या तारा, आणि शेतावरून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या लाइनी, त्यांत कित्येक झोळ पडून खाली आलेल्या. नऊ-दहा फुटांची काठी, त्यात उचललेला हात आणि बांधाची उंची, एवढ्यात तार गाठता येते. मोठ्या दाबाची तार तर न शिकताही झेप घेते. ओला बांबूही बिनधोक नाही. तेव्हा काठी जोडायच्या आधी डोके वर करून बघावे, तारेखालून जाताना ती आडवी धरावी, आणि रोहिणी-मृगात किंवा परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की खाली ठेवून काठ सोडावा.

पाण्याचेही तसेच. वरच्या धरणांतून पाणी सुटले की प्रवरेचा डोह घटकेत वाढतो, मधल्या खडकावर बसणाऱ्याला परतीची वाट उरत नाही. आवर्तनाची आणि विसर्गाची बातमी घेऊन जावे. धरणाच्या पाण्यातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, आणि नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; म्हणून तिथे गळ टाकण्याआधी मत्स्य खात्याला, वन खात्याला आणि त्या संस्थेच्या माणसांना विचारावे. आपली हौस असते, त्यांची भाकरी असते.

काठी घरी आणल्यावर ओली तशीच नळकांड्यात घालू नये. पुसून, सावलीत वाळवून, वाशाला आडवी टांगावी. भिंतीला टेकवून ठेवली तर तिला बाक येतो. गळ बुचात टोचून मुलांच्या हाताला येणार नाहीत असे ठेवावेत. आणि जुना, गुंतलेला तंगूस काठावर टाकून येऊ नये. हिवाळ्यात नाथसागरावर लांबून पाखरे येतात, त्यांच्या पायांत तो अडकतो, आणि उन्हाळ्यात काठावर चरणाऱ्या शेळ्यांच्या पोटात जातो. घरी आणून कात्रीने त्याचे बोटबोट लांबीचे तुकडे करावेत आणि डब्यात बंद करून कचऱ्यात द्यावेत.